हरित इमारतीचा शेवटचा मजला

बुद्धपौर्णिमा ऐन वैशाखात येते. त्या सायंकाळी ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण अशा सलग पसरलेल्या वस्त्यांतील विहारांमध्ये वंदनेला दाटी होते. खीरदान होते, प्रवचन होते, आणि कार्यक्रम आटोपला तरी माणसे लगेच घरी परतत नाहीत. कट्ट्यावर, अंगणात, रस्त्याच्या कडेला रेंगाळतात. या रेंगाळण्यात श्रद्धा आणि स्नेह आहेच. पण आम्हांला त्यात आणखी एक कारण दिसत आले आहे. पत्र्याखालचे घर दुपारी भाजते आणि सिमेंटच्या स्लॅबखालचे घर रात्री. दिवसभर तापलेली गच्ची सूर्य मावळल्यावर आपली उष्णता खालच्या खोलीत सोडू लागते. पंखा तीच तापलेली हवा फिरवत राहतो. लहान मूल किरकिरते आणि दहावीची मुलगी वही घेऊन जिन्यात जाऊन बसते. मध्यरात्र उलटून गेल्याखेरीज अशी घरे निवत नाहीत.

याच परिसरात घोडबंदर मार्गाने किंवा कल्याण-शीळ मार्गाने जाताना नव्या गृहसंकुलांच्या उंच फलकांवर ‘हरित इमारत’ हे शब्द वाचावयास मिळतात. फलकावर झाडे असतात, तलाव असतो, काचेची झगझगीत दर्शनी भिंत असते. आम्हांला या शब्दांविषयी आकस नाही. उलट त्यामागील विचार अत्यंत मोलाचा आहे असे आम्ही मानतो. परंतु इमारतीच्या हरितपणाची परीक्षा प्रवेशद्वारावरील पाटीवर होऊ नये. ती वैशाखातल्या रात्री शेवटच्या मजल्यावर व्हावी आणि महिनाअखेरीच्या वीजबिलावर व्हावी. त्यातही ज्यांना उकाडा सर्वांत अधिक सोसावा लागतो, त्यांच्या घरांचा क्रम पहिला असावा. एवढीच भूमिका या लेखात मांडावयाची आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. ‘हरित इमारत’ आणि ‘हरितगृह वायू’ या दोन्हींत ‘हरित’ आहे. त्यामुळे विद्यार्थी गोंधळतात. हरितगृह म्हणजे थंड देशांत रोपे वाढविण्यासाठी उभारलेले काचेचे घर. ऊन काचेतून सहज आत येते. परंतु आत तापलेली हवा बाहेर पडू शकत नाही आणि तापलेल्या वस्तूंची उष्णताही काच अडवते. पृथ्वीभोवतीच्या हवेत कार्बन डायऑक्साइड, मिथेन इत्यादी वायू उष्णता अडविण्याचे असेच काम करतात, म्हणून त्यांना हरितगृह वायू म्हणतात. त्यांचे प्रमाण वाढले की पृथ्वी तापते. हरित इमारत म्हणजे या वायूंचे उत्सर्जन कमी करणारी इमारत. आता गंमत अशी की, ज्या इमारतीची पश्चिमेकडील अख्खी भिंत काचेची आहे, ती शब्दशः हरितगृहच होय. लंडनच्या थंडीत जी काच शहाणपणाची ठरेल, ती ठाण्याच्या मे महिन्यात अंगाशी येते. मग आत शिरलेले ऊन बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्रे अखंड चालवावी लागतात.

ही यंत्रे चालतात कशावर? कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या रहिवाशांना या प्रश्नाचे उत्तर कोणी शिकवावे लागत नसे. ठाकुर्लीला रेल्वेचे चोळे पॉवर हाऊस होते. तेथे कोळसा जळत असे आणि त्या विजेवर लोकलगाड्या धावत. वीज म्हणजे कोळसा, हे समीकरण लोकांच्या डोळ्यांसमोर होते. ते केंद्र बंद पडून आता कित्येक वर्षे लोटली. आज आपल्या घरात येणारी वीज दूरवरून येते. त्यामुळे ती जणू बटणातूनच उत्पन्न होते असा भास होतो. वस्तुतः देशातील विजेचा सुमारे सत्तर टक्के भाग आजही कोळशापासून मिळतो. महाराष्ट्रात चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, परळी, दीपनगर, एकलहरे येथे औष्णिक केंद्रे आहेत. एकट्या चंद्रपूर केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. डोंबिवलीत दाबलेल्या बटणाचा धूर आता डोंबिवलीत पडत नाही. तो चंद्रपूरच्या मुलांच्या श्वासात जातो आणि राख तेथील शेतशिवारात उतरते. कार्यकारणाची साखळी दिसेनाशी झाली म्हणून ती तुटत नाही, हे प्रतीत्यसमुत्पादाचा पाठ घेतलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

हिशेब सोपा आहे. आपल्या देशात विजेचे एक युनिट तयार होताना सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिन्याला २०० युनिटे वापरणारे कुटुंब वर्षभरात अशा रीतीने सुमारे १,७०० किलो वायूचे धनी होते. जगाचा विचार केला, तर ऊर्जेपोटी होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी एक चतुर्थांशाहून थोडा अधिक वाटा इमारतींच्या दैनंदिन वापरातून येतो. सिमेंट, पोलाद, काच तयार करताना होणारे उत्सर्जन याहून निराळे. चुनखडी भाजून सिमेंट करताना केवळ इंधनाचाच धूर होत नाही, तर दगडातच बांधलेला कार्बन डायऑक्साइडही मोकळा होतो. म्हणून बांधलेली इमारत अधिक वर्षे टिकवणे हेही एक हरित कर्मच आहे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटते. ‘ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या कंदिलाच्या उजेडात गेल्या, त्यांच्या घरी आता कुठे पंखा आणि दिवा आला, आणि तुम्ही लगेच बचतीचे पाठ देऊ लागलात!’ या बोलण्यात तथ्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते आणि विजेचे धोरण त्यांच्या खात्याच्या अखत्यारीत होते. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाल्याखेरीज देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही आणि औद्योगिकीकरणाखेरीज दारिद्र्याचे चक्र तुटणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. आम्ही त्या मांडणीपासून तसूभरही हटू इच्छित नाही. गरिबाने अंधारात बसावे असे सांगणारे पर्यावरण आम्हांला मान्य नाही.

पण विजेचा उपयोग आणि विजेची नासाडी यांत भेद केला पाहिजे. माणसाला युनिटे नको असतात. त्याला वारा, उजेड, गरम पाणी आणि शांत झोप हवी असते. जुन्या पद्धतीच्या छताच्या पंख्याला सुमारे ७५ वॅट वीज लागते; तेवढाच वारा देणारा बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास वीज घेतो. वारा तोच, बिल निम्म्याहून कमी. तापलेल्या छताखाली वातानुकूलन यंत्र बसविणारा माणूस अर्धी वीज खोली थंड करण्यासाठी नव्हे, तर वरून येणाऱ्या उष्णतेशी झुंजण्यासाठी खर्च करत असतो. नासाडीचे हे बिल श्रीमंताला बोचत नाही. गरिबाला मात्र ते मुलांच्या दुधातून, फीमधून भरावे लागते. ऊर्जेची कार्यक्षमता हा म्हणूनच प्रथम गरिबाच्या हिताचा विषय आहे. बाबासाहेबांना अभिप्रेत असलेली मुबलकता अशा बचतीतूनही साधते. कारण वाचलेले प्रत्येक युनिट कोळसा न जाळता मिळालेले युनिट असते.

इमारत वाऱ्या-उजेडाची असावी, हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात शयनासनासंबंधीचा एक भाग आहे. त्यात भिक्खूंच्या निवासांना खिडक्या नव्हत्या, त्यामुळे आत डोळ्यांना त्रास होई आणि दुर्गंधी येई, अशी अडचण नोंदवली आहे. तेव्हा बुद्धांनी वेदिकेची, जाळीची आणि शलाकांची अशा तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुमती दिली. पाली भाषेत खिडकीला ‘वातपान’ म्हणतात. याच भागात विटा, दगड, चुना, गवत आणि पाने अशा पाच प्रकारच्या छपरांचीही अनुज्ञा आहे. कोठे काय मिळते आणि हवामान कसे आहे हे पाहून निवड करावी, एवढी मोकळीक त्यात आहे.

आपल्या परिसरात या विचाराचे दगडी रूपही उभे आहे. ठाणे आणि बोरिवली यांच्यामधल्या डोंगरात, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथील ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणच्या लोकांची नावे वारंवार येतात. उल्हास नदीच्या खाडीवरील या बंदरातले व्यापारी आणि कारागीर भिक्खूंसाठी लेणी कोरून देत, तशाच पाण्याच्या पोढीही कोरून देत. पावसाचे पाणी दगडात खोदलेल्या पाटांतून या टाक्यांत उतरे. विहाराच्या पुढे ओसरी, ओसरीत बसावयास बाक, आणि मागे भर उन्हातही गार राहणारी खोली. जाड दगडाचे छत दिवसाची उष्णता आत पोहोचूच देत नाही. आज आपल्याला डोंगर कोरावयाचे नाहीत. पण सावली, वारा, पाणी आणि भिंतीची जाडी यांचा विचार आधी करावा, यंत्राचा नंतर, हा क्रम कान्हेरीहून शिकण्यासारखा आहे.

आधुनिक नियमांनीही हाच क्रम स्वीकारलेला दिसतो. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. पुढल्या वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला आणि २००७ साली मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. राहत्या घरांचा विचार मात्र डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको-निवास संहिता’ येईपर्यंत थांबला. ही संहिता भिंती, खिडक्या आणि छत यांतून घरात किती उष्णता शिरावी याला मर्यादा घालते. ठाणे-कल्याणसारख्या उष्ण व दमट हवेच्या प्रदेशासाठी तिची आणखी एक अपेक्षा आहे. घराच्या चटई क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश इतका भाग उघडता येण्याजोगा असावा. दमट हवेत घाम वाळत नाही. वारा अंगावरून गेला तरच शरीराला थंडावा मिळतो. म्हणून आपल्याकडे खिडकी केवळ उजेडाची सोय नाही, ती शरीर निववणारी वस्तू आहे.

आता आपल्या घरांकडे पाहू. गेल्या तीस वर्षांत लाकडी दुपाखी खिडक्या जाऊन ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी कशीही सरकवली तरी अर्धीच उघडते. त्यातच खोली वाढविण्याच्या मोहाने गॅलरी बंद करण्याची पद्धत रूढ झाली. वरचे छज्जे आखूड झाले, आणि ऊन थेट काचेवर येऊ लागले. एवढे झाल्यावर उकाडा वाढला म्हणून वातानुकूलन यंत्र आले. त्याची गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीत गेली. मग शेजाऱ्यालाही यंत्र घ्यावे लागले. दोष कोणा एकाचा नाही. छज्जा दोन फूट पुढे आणणे, खिडकी पूर्ण उघडेल अशी बसवणे, समोरासमोर दोन उघडी अंगे ठेवणे, पश्चिमेच्या भिंतीला सावली देणे, यांपैकी कोणत्याही गोष्टीला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. आराखड्याच्या वेळी थोडे ध्यान लागते.

सर्वांत अधिक ध्यान छतावर दिले पाहिजे, कारण शेवटच्या मजल्यावर उष्णता मुख्यतः तेथूनच उतरते. आपल्याकडील जुने गवंडी स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालत आणि त्यावर पांढऱ्या चिनी फरशीच्या तुकड्यांचा थर बसवत. कोब्याने गळती अडते, पांढरा थर ऊन परतवतो. हे काम महाग वाटले तरी छतावर चुन्याचा किंवा ऊन परतविणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात देणे कोणत्याही सोसायटीला परवडते. गळतीवर उपाय म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड उभारण्याची चाल आपल्या शहरांत आहे. तिच्या बाजू मोकळ्या असतील आणि मधून वारा खेळत असेल, तर तिच्या सावलीने खालची घरे निवतात हेही खरे. मात्र शेड उभारताना परवानगी, मजबुती आणि पुढे सौर पट्ट्या बसवण्याची सोय यांचा विचार एकत्र व्हावा. गच्ची ही पाण्याच्या टाक्या आणि मोडके सामान ठेवण्याची जागा नाही. शहरातील ती सर्वांत मोठी, न वापरलेली जमीन आहे.

या गच्चीचा उपयोग करण्यात आपल्या दोन्ही महापालिकांनी चांगला आरंभ केला होता, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. केंद्र शासनाने २००८ साली सौर शहरांची योजना आखली. पाच वर्षांत पारंपरिक ऊर्जेच्या अपेक्षित मागणीत किमान १० टक्के घट करावी, निम्मी नव्हे तर निदान एवढी तरी, असे तिचे लक्ष्य होते. आणि महाराष्ट्रातून निवडलेल्या मोजक्या शहरांत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही होती. कल्याण-डोंबिवली महापालिकेने नव्या इमारतींवर सौर उष्णजल संयंत्र बंधनकारक केले. शेकडो गच्च्यांवर ती बसली आणि ऊर्जाबचतीच्या कामासाठी महापालिकेला ‘महाऊर्जा’चे राज्यस्तरीय पुरस्कारही लाभले. ठाणे महापालिकेने कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात सूर्याची उष्णता एकवटणाऱ्या तबकड्यांवर वातानुकूलनाचा प्रयोग केला.

परंतु नियमाने संयंत्र बसते, ते चालते राहणे माणसांवर अवलंबून असते. आम्ही पाहिलेल्या कित्येक गच्च्यांवर अशी संयंत्रे धूळ खात उभी आहेत. कोठे नळी फुटली आहे, कोठे क्षाराने भरली आहे, कोठे गरम पाण्याची वाहिनी सदनिकांपर्यंत जोडलेलीच नाही. वर सूर्य आहे, खाली प्रत्येक न्हाणीघरात विजेचा गीझर आहे. भोगवटा दाखला मिळेपर्यंत ज्याची गरज होती, त्याची गरज दाखला मिळाल्यावर कोणालाच उरली नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, एका वसतिगृहात २०० मुले आहेत आणि प्रत्येकाला हिवाळ्यात १५ लिटर कोमट पाणी लागते. ३,००० लिटर पाणी १५ अंशांनी तापवावयास दररोज सुमारे ५२ युनिटे लागतात. म्हणजे सुमारे ३६ किलो कार्बन डायऑक्साइड. हेच काम गच्चीवरचे ऊन फुकट करते. वर्षातून दोनदा काच पुसणे आणि नळ्यांतील क्षार काढणे, एवढाच त्याचा मोबदला.

विजेची अशीच अदृश्य गळती पाण्यातून होते. उल्हास नदीचे पाणी उपसून, शुद्ध करून, टेकड्या चढवून आपल्या तळटाकीत येते. तेथून पंप ते गच्चीवर चढवतो. टाकी भरून वाहू लागली की ओघळते ते पाणीच नव्हे, त्यात ओतलेली वीजही ओघळते. टाकी भरताच पंप बंद करणारे साधे उपकरण काही शे रुपयांत मिळते. जिन्यातील दिवे, पंप आणि उद्वाहन यांच्या सामायिक बिलासाठी गच्चीवर सौर वीज निर्माण करणे आता आवाक्यात आले आहे. सुमारे १०० चौरस फूट मोकळ्या जागेत एक किलोवॅटच्या पट्ट्या बसतात आणि त्या दिवसाला सरासरी चार युनिटे देतात. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपयांचे साहाय्यही आहे. तरीही आमचा आग्रह असा की, आधी गळती थांबवावी आणि मग निर्मिती करावी. फुटक्या रांजणात कितीही पाणी ओतले तरी तो भरत नाही.

आता प्रमाणपत्रांविषयी. देशात ‘गृह’ आणि भारतीय हरित इमारत परिषद यांच्या मानांकन पद्धती प्रचलित आहेत. जागा, पाणी, कचरा, साहित्य, ऊर्जा अशा अनेक बाबींना त्यांत गुण असतात. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने या मानांकनाच्या श्रेणीनुसार मूळ चटई क्षेत्र निर्देशांकावर ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव क्षेत्र देऊ केले आहे. बांधकाम करणाऱ्याला चांगल्या कामाचे उत्तेजन मिळावे, याला आमचा विरोध नाही. पण हे बक्षीस मिळते ते बांधणाऱ्याला, आणि पुढली पन्नास वर्षे वीजबिल भरतो तो राहणारा. भाडेकरूची स्थिती तर आणखी अवघड. छत मालकाचे, बिल भाडेकरूचे. म्हणून छताला पांढरा रंग देण्याची निकड कोणालाच वाटत नाही. या दोन टोकांची गाठ घालावयाची असेल, तर आमच्या मते हरित म्हणवणाऱ्या प्रत्येक इमारतीने दर चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिटे खर्च झाली, हा आकडा दरवर्षी आपल्या दारावर लावावा. मालमत्ता करातील सवलत त्या आकड्याशी जोडावी. आकडा वाढला, तर सवलत थांबावी.

ही मागणी आजच करण्यास कारण आहे. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथे तीस-चाळीस वर्षांच्या इमारती पाडून पुनर्विकासाचे मोठे पर्व सुरू झाले आहे. ठाण्यात किसननगरसारख्या दाट वस्तीत समूह पुनर्विकास हाती घेतला आहे. एप्रिल २०१३ मध्ये शीळफाट्याजवळ अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचे प्राण गेले, तो आघात या परिसराच्या स्मरणात आहे. त्यामुळे इमारत प्रथम सुरक्षित असावी, हे निर्विवाद. पण जे घर सुरक्षित म्हणून नव्याने बांधले जाईल, ते वस्तीतल्या माणसासाठी तापती भट्टी ठरू नये. विक्रीच्या मनोऱ्याला रुंद गॅलऱ्या आणि पुनर्वसनाच्या मनोऱ्याला अंधाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या खोल्या, असा भेद होऊ नये. पुनर्वसनाच्या इमारतीत आज खिडकी कोठे ठेवली जाते, यावर तेथे जन्मणाऱ्या मुलाची पन्नास वर्षांची झोप ठरते. हरितपणाचा निकष म्हणून प्रथम पुनर्वसनाच्या इमारतींना, शाळांना, वसतिगृहांना आणि दवाखान्यांना सक्तीने लागू करावा. विक्रीच्या मनोऱ्यांना प्रोत्साहन नंतर द्यावे.

ऊर्जा आणि साहित्य यांच्या वापराविषयी बौद्ध वाङ्मयात आम्हांला सर्वांत मार्मिक वाटणारी कथा आनंदांची आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान केली. एका भिक्खूने इतकी वस्त्रे का घ्यावीत, अशी शंका राजाला आली. त्याने विचारले, तेव्हा आनंदांनी शांतपणे हिशेब दिला. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना नवी देऊ. जीर्ण चीवरांची पांघरुणे करू, जुन्या पांघरुणांचे गादीचे अभ्रे, जुन्या अभ्र्यांची बसकरे, जुन्या बसकरांची पायपुसणी, जुन्या पायपुसण्यांची झाडणी, आणि झाडणी फाटली की ती कुटून चिखलात कालवून लिंपण करू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी तितकीच वस्त्रे दिली. दान देणाऱ्याला आपल्या दानाचा हिशेब मिळाला, म्हणून त्याचा हात आखडला नाही. आमच्या मते सूर्य, कोळसा, नदी आणि चंद्रपूरचा शेतकरी यांच्याकडून आपण जे घेतो, त्याचा असाच हिशेब देण्याची रीत पडली पाहिजे.

ती रीत पाडण्यास निवासी शाळेइतकी योग्य जागा नाही. येथे मुले केवळ शिकत नाहीत. राहतात, जेवतात, स्नान करतात, झोपतात. म्हणून आम्ही संस्थेपुढे नम्रपणे चार सूचना ठेवतो. वसतिगृहाच्या गच्चीला येत्या उन्हाळ्याआधी पांढरा रंग द्यावा. बिघडेल तो जुना पंखा दुरुस्तीला न पाठवता त्याच्या जागी कमी विजेचा पंखा घ्यावा. असे ४० पंखे दिवसाला १२ तास चालले, तर दररोज सुमारे २२ युनिटे वाचतात. स्नानाचे पाणी सूर्यावर तापवावे आणि संयंत्राच्या देखभालीचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे लेखी सोपवावे. कार्यालयात वातानुकूलन यंत्र असेलच, तर ते २४ अंशांच्या खाली नेऊ नये, आणि मुलांच्या शेवटच्या मजल्यावर छत निवण्याआधी कार्यालयात नवे यंत्र येऊ नये.

याखेरीज एक वही असावी. आठवी-नववीच्या मुलांनी पाळीपाळीने रोज सकाळी वीजमीटरचा आकडा आणि शेवटच्या मजल्यावरील खोलीचे तापमान तीत लिहावे. आकडा वाढला तर का वाढला, हे त्यांनीच शोधावे. कोणता पंप चालू राहिला, कोणत्या खोलीत दिवे जळत राहिले, कोणत्या खिडकीपुढे कपाट ठेवले आहे. पुढील स्मरणिकेत पाहुण्यांच्या शुभसंदेशांनंतरचे पहिले पान त्या वहीतील वर्षभराच्या आकड्यांसाठी राखून ठेवावे. आकडे चांगले असोत वा वाईट, जसेच्या तसे छापावेत. ते वाचण्यास आम्ही उत्सुक राहू.